कचेरीचे दिवे लागताना

आमच्या यवतमाळच्या फोटो मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि माझ्याकडे दाखवण्यासारखा एकच फोटो होता, तोही बायकोच्या मते हललेला. तेवढ्यात एका ओळखीच्याने सांगितलं की आदिलाबाद जिल्ह्यात, बेला गावाच्या वाटेवर, निजामाच्या काळातली दगडी कचेरी आहे आणि तिच्यावर नुकतेच दिव्यांचे झोत सोडलेत. शुक्रवारी सुट्टी टाकली, ट्रायपॉड जुन्या चादरीत गुंडाळला आणि निघालो.

पाटणबोरी मागे पडली की पैनगंगेचा पूल येतो. पूल संपला की पाट्यांवरची लिपी बदलते. माणसं तशीच बोलत राहतात. आदिलाबादच्या स्टँडजवळ इडली खा, चाळीस रुपयांत पोट भरतं. नाश्त्याला तिथे टिफिन म्हणतात, तेव्हा डबा शोधत बसू नका. पुढची बेल्याची बस बायकांनी भरलेली होती, कारण तेलंगणात त्यांना तिकीट लागत नाही. मी तिकीट काढून उभा राहिलो. खिडकीतून कापूस दिसत होता, कचेरीच्या फाट्यापर्यंत फक्त कापूस. फाट्यावर उतरून 'जुनी कचेरी' एवढं सांगितलं की ऑटोवाला नेतो.

कचेरी आता बंद असते. पाच कमानी, लांब ओसरी, दाराला कुलूप. फोटो काढणाऱ्यांसाठी सांगतो: दिवाळीनंतर सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. दिवे लागलेत आणि आकाश अजून निळं आहे, असा वेळ जेमतेम वीस मिनिटं मिळतो. मी पाचलाच ट्रायपॉड लावून बसलो.

साडेपाचला एक म्हातारा आला आणि बरोबर मधल्या पायरीवर बसला.

"बाबा, फोटोत येताय. तिकडे जाता का?"

"मी फक्त पाहून राह्यलो," तो म्हणाला.

"तुमच्यानं फोटो बिघडतोय."

तो उठला, टोपी नीट केली आणि निघून गेला. दिवे लागले. मला हवा तो फोटो मिळाला, रिकामा, एकदम स्वच्छ.

परतीच्या बससाठी फाट्यावर थांबलो असताना चहावाल्याला मी कौतुकाने फोटो दाखवला. त्याने इकडेतिकडे सरकवून पाहिला.

"किसनबाबा कुठं गेले? दिवे लागाच्या टायमाले तं ते तिथंच असते."

मग त्याने सांगितलं. किसनबाबा त्या कचेरीत चपराशी होते. वीज यायच्या आधी आणि आल्यावर ती गेली की, कंदील तेच लावायचे. आता दिवे आपोआप लागतात, तरी ते रोज येऊन लागले का पाहतात. कोणी सांगितलेलं नाही.

"आज मीच त्यांना उठवलं," मी म्हणालो.

चहावाल्याने कॅमेरा माझ्या हातात परत दिला. त्याने पुढच्या माणसाचा चहा गाळला.

रात्री आदिलाबादच्या लॉजमध्ये राहिलो (सातशे रुपये, गरम पाणी सकाळी आठपर्यंत). सकाळची यवतमाळची बस समोर उभी होती. ती सोडली आणि दुपारी पुन्हा बेल्याची पकडली.

किसनबाबांचं घर कचेरीच्या मागच्या गल्लीत. त्यांच्या पत्नी कमलाबाई दारात वाल निवडत होत्या. बाबा बाजेवर पडलेले.

"आज जानार नाई म्हनते," त्या म्हणाल्या. "नोकरीत कवा सुट्टी नाई घेतली. आज घेतली. काल कोन्या फोटोवाल्यानं हटवलं."

"तो मीच."

कमलाबाईंनी सूप खाली ठेवलं. बाबा उठून बसले.

"बाबा, चूक झाली. आज फोटोत तुम्ही पाहिजे."

"काऊन? काल तं बिघडून राह्यला होता."

"काल मला माहीत नव्हतं."

"आता काय माहीत झालं?"

"कंदील तुम्ही लावत होता ते."

ते बाजेवरून उतरले. मग खुंटीवरची टोपी घेतली.

पायरीवर बसून त्यांनी सांगितलं: अकरा कंदील होते. काचा राखेनं पुसायच्या. एकदा पावसाळ्यात साहेबाला रात्रभर जमिनीची मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, वाचायची होती. बाबा अकराही कंदील त्याच्याभोवती मांडून जागे बसले. सकाळी साहेब म्हणाला, धूर फार झाला.

"आणखी काही म्हणाला नाही?"

"नाई. पन मिसल पुरी वाचली त्यानं."

सहाला दोन मिनिटं कमी होती. मी म्हणालो, "इकडे बघा."

"तुमच्याकडं पाहू का दिव्याकडं पाहू?"

मग ते दिव्यांकडे वळले. कमानी एकेक करून पिवळ्या झाल्या आणि बाबांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. मी बटण दाबलं.

घरी आल्यावर मंडळात दोन्ही फोटो दाखवले. सगळ्यांनी रिकामा निवडला. इमारत पूर्ण दिसते म्हणाले. ते खरंच आहे. तोच प्रदर्शनात लागला, लोकांनी पाहिला आणि पुढे गेले. दुसरा मी मोठा करून काचेत बसवला आणि किसनबाबांच्या गावी पाठवला. मागे माझा नंबर लिहिला होता.

आठवड्याने फोन आला. कमलाबाई.

"फोटो भेटला. पाठच दिसते त्यायची."

"बाबा काय म्हणाले?"

"काई नाई. चार घरी दाखवून आनला." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी इतके वर्सं डबा नेऊन देत होती, पन बाहेरूनच. त्या पायरीवर कवा बसली नाई. माहा फोटो निघन का तिथं?"

"का नाही निघणार?"

फोन तसाच चालू ठेवून त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "आयकलं का? निघते म्हनते. पायरीवर जरा सरकून बसा मंग."