मेणातला तुकडा

हे मी दादाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी. आमच्या एकोडी गावात कुणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

वहिनीच्या छातीतली गाठ भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी काढली. गाठीचा एक तुकडा मेणाच्या वडीत बसवून माझ्या हाती दिला. नागपूरला तपासून आणा, म्हणाले. रोग पसरायची भीती किती आणि गोळी कोणती, ते त्यावरून ठरेल. चिठ्ठीवर तपासण्यांची नावं होती. "समजलं ना?"

"हो सर, मी सायन्सचाच."

काही समजलं नव्हतं. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

वहिनी हसली. "भाऊजी हायेत ना इंग्रजीवाले, मंग मले कायचं भेव?"

लॅबच्या खिडकीतल्या माणसाला चिठ्ठीवरचं अक्षर लागेना. "पढेलिखे हो ना? बोलो, कौनसा टेस्ट?" मला सांगता येईना. मागची रांग हसली. मी वडी खिशात घातली आणि परत आलो. उद्या जाईन — खरंच असं ठरवलं होतं.

आठवड्यानं दादानं विचारलं, "रिपोर्ट काय म्हन्ते गा?" वहिनी धानाच्या रोवणीला निघाली होती, ती दारात थांबली.

मी म्हणालो, "चांगला आला."

ती पदर खोचून शेतातल्या बांधीत गेली. डॉक्टरांचे दोन फोन आले — उचलले नाहीत. वडी कपाटात माझ्या सर्टिफिकेटांच्या फायलीखाली ठेवली. अजून तिथंच आहे.

दोन वर्षांनी वहिनीची पाठ दुखू लागली. रोग हाडांत उतरला होता. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नवा तुकडा तपासला आणि विचारलं — हिला रोजची गोळी लागू पडली असती, तेव्हाच का सुरू केली नाही? दादानं भंडाऱ्याच्या डॉक्टरांना शिव्या घातल्या. मी — मीही मान डोलावली.

शेवटी शेवटी भेटायला येणाऱ्या बायांना वहिनी सांगायची, "माह्या भाऊजीनं लय धावपळ केली." मी उशाशी बसून ऐकायचो. ऐकून घ्यायचो.

ती गेली. दादा अजून लोकांना सांगतो, भंडाऱ्याच्या त्या डॉक्टरकडं जाऊ नका. गेल्या महिन्यात शेजारचा एक जण माझ्याकडं आला. त्याच्या बायकोला गाठ आहे. "तू शिकलेला हायेस, तूच सांग — तुहा दादा त्या डॉक्टरचं सांगते ते खरं हाय का गा?"

"खरं हाय," मी म्हणालो.