डाव्या सीटखालचा पाटा

माझी नातवंडं, ईशान आणि मीरा, परदेशात असतात. व्हिडिओ कॉलवर ही हकीकत अर्धीमुर्धी सांगितली तेव्हा ईशान म्हणाला, "आजी, नीट लिहून काढ, आणि नेटवर टाक. लोक वाचतील." म्हणून लिहितेय. बाळांनो, तुमच्यासाठीच लिहितेय; बाकीच्यांनी वाचलं तर त्यांचे आभार.

मी चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. मुलांनी उत्तरात "आपोआप" हा शब्द लिहिला की मी त्याखाली लाल रेघ मारायचे. जगात आपोआप काही होत नाही, कारण शोधा! भुतंखेतं, नजर, उतारा यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं मी म्हणणार नाही. फक्त जे मोजलं ते सांगते.

निवृत्तीनंतर मी नेरूळमधल्या एका छोट्या ट्रस्टचं काम बघते. आमच्याकडे डोळे तपासणीची फिरती गाडी आहे. मुळात ती एका कारखान्याची जुनी स्टाफ बस, वीसेक वर्षांची. आम्ही ती घेतली, आतली सगळी बाकं काढली, मागे जनरेटर, पाण्याची टाकी आणि तपासणीचं यंत्र बसवलं. पुढे फक्त ड्रायव्हरची सीट आणि दाराजवळ डावीकडे एकच सीट ठेवली. ही गाडी शाळांत, दिवाळे गावात, कळंबोलीच्या ट्रकवाल्यांच्या अड्ड्यावर जाते. आमचा ड्रायव्हर दत्ताराम जवळच्याच सारसोळे गावातला, वय बावन्न. पूर्वी खाडीत होडी होती, आता ही नोकरी.

गेल्या हिवाळ्यात गाडी पुढून उडायला लागली. चाळीसच्या पुढे गेलं आणि रस्त्यात छोटा उंचवटा आला की पुढचा भाग वर जायचा – आणि मग खाली-वर, खाली-वर, सहा-सात वेळा. मागे आमची टेक्निशियन सुलभा यंत्राला मिठी मारून बसायची. दोनदा यंत्राचं माप बिघडलं. एकदा भिंगांची पेटीच पडली.

आमचे एक ट्रस्टी, सबनीस, निवृत्त इंजिनियर. मीटिंगमध्ये म्हणाले, "गाडीत काही नाही. माणूस दामटून चालवतो. त्याला काढा, दुसरा ठेवा."

दत्ताराम दाराशी उभा होता. त्याने ऐकलं. आणि चपलेकडे बघत राहिला.

शेवटी ठरलं की मी महिनाभरात कारण शोधून लेखी अहवाल द्यायचा. कारण गाडीत निघालं तर दुरुस्ती, नाहीतर दत्ताराम घरी. खरं सांगते, माझाही संशय त्याच्यावरच होता. बावन्नाव्या वर्षी त्याला दुसरं कोण कामावर घेणार, हा विचार मला नंतर सुचला.

मी एक वही केली. एका वेळी एकच बदल, मग चाचणी. कळंबोलीला स्टील मार्केटजवळ हरी मिस्त्रीचं गॅरेज आहे, तिथे सुरुवात केली. टायरमधली हवा – ठीक. पुढची चाकं मागे, मागची पुढे – उडी तशीच. बॅलन्सिंग केलं, तशीच. दोन्ही शॉकअप नवे टाकले... उड्या सातावरून पाचावर आल्या. मग गाडी वजनकाट्यावर नेली, आधी नुसती पुढची चाकं, मग मागची. पुढचं वजन फारच कमी निघालं. हे मला पटलं. सगळं जड सामान मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे सी-सॉच झाला. पण टाकी आणि जनरेटर पुढे सरकवायला जागाच नव्हती.

हरीने दत्तारामला काहीतरी सांगितलं, मी तेव्हा काट्याची पावती घेत होते. आणि पुढच्या सोमवारी गाडी उडायची थांबली.

आपोआप!

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला झोप येईना. बिघाड असा एका रविवारी उठून निघून जात नाही. याने आजवर मुद्दाम उडवली आणि आता नोकरी जाणार म्हटल्यावर सरळ चालवतोय – हाच अर्थ मला दिसत होता. दुपारी तो जेवायला गेला तेव्हा मी गाडीची झडती घेतली. हो, झडतीच. डाव्या सीटखाली जुन्या नऊवारीच्या कापडात बांधलेलं काहीतरी जड हाताला लागलं. गाठ सोडली. आत काळा, मध्ये झिजून खोलगट झालेला, मसाला वाटायचा दगडी पाटा होता.

माझं डोकं फिरलं. दत्ताराम आल्यावर विचारलं, "हे काय? आमच्या गाडीत करणी-उतारा चालणार नाही."

"करनी नाय बाई! मिस्त्रीनंच सांगितला ना. पुढं येक पाटा टाक, गारी शांत व्हईल. आमच्या आईचा पाटा हाय. आन मी दुसरा कुठून आनू?"

मी हरीला फोन लावला, स्पीकरवर. हरी हसता हसता खोकायला लागला. गाडीच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची जी कमान असते, तिच्या एकेका पट्टीलाही पाटाच म्हणतात. "अरे दत्त्या, कमानीचा पाटा म्हटलं मी! तू आईचा घातलास? उद्या क्लच बदल म्हटलं तर वयनीच्या केसातला लावशील!"

सुलभाही हसली. दत्ताराम लाल झाला. "पन गारी थांबली ना?" एवढंच म्हणाला.

हरीने मग खरा लोखंडी पाटा चढवला आणि आम्ही दगडी पाटा काढून ठेवला. गाडी आधीपेक्षा जास्त उडाली. कमान आणखी कडक झाली, वजन तेवढंच, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. लोखंडी पाटा काढला, दगडी परत ठेवला. उडी बंद.

चार टनांच्या आसपासची गाडी. सोसायटीच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर तो पाटा भरला एकोणीस किलो. एकोणीस किलोने असं काही होत नाही.

पण दत्तारामला पाटा आहे की नाही हे माहीत असायचं. म्हणजे चालवण्यात फरक करणं त्याला शक्य होतं. माझा संशय तिथेच अडकला. म्हणून मी पडदा लावला. डावी सीट आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये जाड चादर. एकोणीस किलो वाळू त्याच नऊवारीच्या दुसऱ्या तुकड्यात बांधली. सुलभा चिठ्ठी उचलणार – पाटा की वाळू – आणि त्याप्रमाणे सीटखाली ठेवणार. दत्ताराम तेवढा वेळ खाली उतरून चहा पिणार. मी मागे, पाण्याच्या टाकीपाशी उड्या मोजणार, मलाही चिठ्ठी माहीत नाही. ट्रक टर्मिनलमागचा सरळ रस्ता, तोच गतिरोधक, तोच वेग. दहा फेऱ्या.

संध्याकाळी सुलभाच्या चिठ्ठ्या आणि माझे आकडे शेजारी ठेवले. वाळू होती तेव्हा प्रत्येक वेळी पाच उड्या. पाटा होता तेव्हा एक, नेहमीची, आणि संपलं. दहापैकी दहा.

दुसऱ्या दिवशी मी माझा स्वतःचा पाटा नेला. गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीखाली असतो तो, मीरा त्यावर उभी राहून खाली बघायची. तोही साधारण तेवढ्याच वजनाचा. गाडीने त्याला काडीचीही किंमत दिली नाही.

त्या दिवसापासून दत्तारामवरचा माझा संशय गेला. आता तो कशावर ठेवायचा, ते कळेना.

आठवड्याने एक बाई ऑफिसात आली. दत्तारामची बायको, मंजुळा. दारातूनच म्हणाली, "बाई, आमचा पाटा तुमच्याकडं हाय. तो द्या."

"दत्तारामनेच आणला ना?"

"मला न इचारता आनला! आता वरवंटा घरान ऱ्हात नाय."

"राहत नाही म्हणजे?"

"हालतो." तिने तळवा आडवा धरून डोलवून दाखवला. "सासू सांगून गेली व्हती, मायलेकरांना तोडू नको. यांच्या बारशाला त्योच वरवंटा पाळन्यान घातलेला."

आपल्याकडे बारशाला वरवंट्याला कुंची घालून, बाळासारखं पाळण्यात ठेवून, मग या बायकांच्या हातून त्या बायकांच्या हातात देतात. ईशान, तुझ्याही बारशाला केलं होतं. मी ते गंमत म्हणूनच बघत आले. मंजुळेला मात्र गंमत वाटत नव्हती. पाटा परत केला तर गाडी उडणार, आणि तिच्याच नवऱ्याची नोकरी जाणार, हे मी तिला सांगितलं. "ठाऊक हाय," ती म्हणाली. "म्हनून तर इतके दिवस गप बसले."

मला पुन्हा संशय आला – नवरा-बायको मिळून काही करतायत का? म्हणून मी स्वतः गेले. सकाळचे दहा, भरपूर ऊन. सारसोळ्यातलं त्यांचं दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघरात सपाट फरशी. वरवंटा भिंतीशी, गोणपाटाच्या घडीवर आडवा. मी मंजुळेला बाहेरच्या खोलीत बसवलं. वरवंट्याखाली हात घालून बघितलं, गोणपाट उलटून बघितलं. शेजारी स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी भरून ठेवलं. ट्रकने, पंपाने, शेजारच्या मसाला कांडपाच्या यंत्राने जमीन हादरली असती तर आधी पाणी हललं असतं. मग स्टुलावर घड्याळ आणि वही घेऊन बसले.

त्याच वेळी सुलभा गाडीत होती. पाटा सीटखाली. ती आणि दत्ताराम दिवाळे गावाहून कळंबोलीला निघाले होते. मोठा गतिरोधक आला की वेळ लिही, एवढंच तिला सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

दहा वाजून बावीस मिनिटांनी वरवंटा हलला.

खाली-वर नाही, तो तसा हलणारच नाही. डावीकडे, उजवीकडे... पाच वेळा, हळू होत होत थांबला. तान्हं मूल झोपेत कूस बदलायला धडपडतं तसं. पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती. मी वेळ लिहिली.

पाऊण तासात तो सात वेळा हलला. दुपारी तिथूनच फोन करून सुलभाच्या वहीतल्या वेळा विचारल्या. तिच्याकडेही सातच. मिनिटं तीच.

मी मंजुळेला काही सांगायची गरज पडली नाही. ती चौकटीत उभी राहून माझ्याकडेच बघत होती, वरवंट्याकडे नाही. "दिसला ना?" म्हणाली.

"दिसला."

"मग आता काय करायचं, तुमी शिकल्या-सवरलेल्या, सांगा."

पाटा घरी आणा म्हणजे दत्ताराम घरी बसणार. पाटा गाडीत ठेवा म्हणजे या बाईने रोज या खोलीत एकटीने हे बघत भाकऱ्या थापायच्या. मी वही मिटून बसले. तिने माझी वाटही पाहिली नाही. वरवंटा उचलला, पदरात घेतला – काखेत नाही, दोन्ही हातांवर – आणि म्हणाली, "चला. गारी कवा येतंय?"

गाडी आल्यावर ती स्वतः चढली. वरवंटा पाट्यावर ठेवला, कापडाची गाठ मारली, सीट थोपटली. दत्ताराम म्हणाला, "आन मसाला?"

"मिक्सरचा खा आता. नोकरी पायजे ना?"

त्यानंतर मी पुन्हा पडद्यामागे दहा फेऱ्या घेतल्या. गाडी एकदाही उडाली नाही. मंजुळेच्या गोणपाटाच्या घडीवर मी माझा वरवंटा ठेवून दोन सकाळी बसले. तो दगडासारखा पडून राहिला, दगडच तो.

अहवालाचा दिवस आला. छापील नमुना होता – दोष, कारण, उपाय, जबाबदार व्यक्ती. कारणाच्या रकान्यात "पुढचे वजन अपुरे, पाटा टाकला" असं लिहिता आलं असतं. सबनीसांना लोखंडी पाटा वाटला असता, मान डोलावून फाइल बंद झाली असती आणि मी अक्षरशः खोटं बोलले नसते. ते वाक्य मी लिहिलंही होतं. मग पान फाडलं. मीटिंगमध्ये सगळी वही ठेवली, चिठ्ठ्यांसकट, आणि नव्या पानावर लिहिलं: कारण – माहीत नाही. जबाबदार व्यक्ती – कोणी नाही. ड्रायव्हरचा दोष नाही हे पडद्याआडच्या वीस फेऱ्यांवरून सिद्ध. खाली सही.

सबनीस बराच वेळ चाळत होते. "मॅडम, तुम्ही? हे असलं? दगड काढून टाका, लोक हसतील."

"काढा ना," मी म्हटलं. "पण आधी तुम्ही मागे यंत्राशेजारी बसा, मग काढू."

ते बसले. काढलं. परत आले तेव्हा कपाळाला टेंगूळ होतं. दत्तारामला ठेवायचा ठराव त्यांनीच मांडला; दगडाबद्दल त्यात एक शब्द नाही.

बाळांनो, सोबत वहीच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवतेय. ईशान, तू इंजिनियरिंग शिकतोयस. माझ्या मोजण्यात कुठेतरी चूक असणार. पडदा नीट नसेल, घड्याळं चुकली असतील, वाळू ओली असेल. मी दर थोड्या दिवसांनी वही काढून तपासते, मला सापडत नाही. तुला सापडली तर लगेच फोन कर, वेळेचा हिशेब बघू नकोस. आजीला राग येणार नाही. उलट, त्या रात्री ती निवांत झोपेल.