अर्जुना गवंड्याचा ओळंबा

पाटणजवळच्या त्या गावात निम्म्या भिंती अर्जुना गवंड्यानं उभ्या केलेल्या, आणि हा बाबा स्वतः मात्र अंगणातल्या खोपीत एकटा राहायचा.

सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा सगळं गावच उघड्यावर आलं होतं. पण हळूहळू लोक घरांत परतले. अर्जुनानंही आपली पडलेली भिंत पुन्हा रचली, बायकोला, बनुबाईला आत राहायला पाठवलं आणि आपण बाहेरच राहिला. उंबऱ्यापाशी गेलं की त्याला भुई हलल्यासारखी वाटायची, छाती धडधडायची, की गडी माघारी. बनुबाई ताट आणून द्यायची. आधी ती शेजारी बसायची, मग तीही कंटाळली. संध्याकाळी आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि आपल्याच घराला आपण परके झालो असं वाटून त्याला फार एकटं वाटायचं. पण सांगणार कुणाला? गवंडी भिंतीला भितो म्हटल्यावर गावानं तोंडात शेणच घातलं असतं.

खोकल्याचं औषध आणायला पाटणला गेला, तेव्हा डॉक्टरांपुढं ते तोंडून निसटलंच. डॉक्टर हसले नाहीत. भिंत सरळ आहे की नाही हे तुम्ही नुसत्या डोळ्यानं ठरवता का, एवढंच त्यांनी विचारलं.

"न्हाई. डोळा फसवतुय. आमी ओळंबा लावतु."

"मग भुई हलली का, हे छातीला कशाला विचारता? घरात ओळंबा टांगा. धडधडलं की आधी तिकडं बघा. तो हलला तर खुशाल बाहेर या."

अर्जुनानं दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन दारासमोरच्या तुळईला टांगलं आणि उंबऱ्यात बसला. छाती नुसती थाडथाड उडत होती, ओळंबा मात्र जागचा हलत नव्हता. पळावंसं वाटत असून तो बघत राहिला. बऱ्याच वेळानं धडधड आपोआप ओसरली. मग रोज थोडा थोडा आत सरकत, पावसाळा संपता संपता स्वारी चुलीपाशी पोचली.

एका संध्याकाळी दोघं जेवत असताना ओळंबा खरोखरच हलला. दोघं अंगणात आले. बनुबाईनं खोपीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तिच्या मनात काय आलं, ते त्याला कळलं.

तो दारातून आत बघत उभा राहिला. दोरी झुलली, मंदावली, थांबली.

"थांबला," तो म्हणाला. "चल आत. भाकरी गार हुईल."