मोरिता-सानांचं राहिलेलं गाणं

जपानबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक सांगायला हवी. टोकियोत उतरलो त्याच आठवड्यात मी एका सज्जन माणसाच्या निरोप समारंभाची वाट लावली. फुजी पर्वत त्यानंतर दिसला, तोही अर्धा ढगात.

धाकटी बहीण वैशाली टोकियोच्या हिगाशी-कसाई या भारतीयांच्या वस्तीच्या भागात राहते. विमानतळावरून तिच्या इमारतीत पोचलो तेव्हा लिफ्टमध्ये हिंगाच्या फोडणीचा वास होता आणि एका अनोळखी बाईंनी "कितवा मजला, काका?" असं विचारलं. परदेशात आल्यासारखं वाटलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. केळ्याची साल मी चुकीच्या पिशवीत टाकली आणि दहा वर्षांच्या भाचीने ती बाहेर काढून, जपानीत काहीतरी बोलून, योग्य पिशवीत टाकली.

"काय म्हणाली गं ही?"

"काही नाही दादा. तू कचऱ्याला हात लावू नकोस म्हणाली."

वैशालीचे साहेब मोरिता-सान (सान म्हणजे आपल्याकडच्या 'राव'सारखं) निवृत्त होत होते. शनिवारी दुपारी ऑफिसची मंडळी कराओकेला जाणार होती. वैशालीचा मोठा भाऊ आलाय हे कळल्यावर मोरिता-सानांनी मलाही आग्रहाने बोलावलं.

जपानात कराओके म्हणजे तासांवर भाड्याने मिळणारी बिनखिडकीची खोली. सोफा, टीव्ही, दोन माइक आणि एक खंजिरी. टॅबलेटवर गाणं निवडून बटण दाबायचं, की ते रांगेत लागतं. बुटके, नीटनेटके मोरिता-सान कोपऱ्यात बसून प्रत्येकाच्या गाण्याला खंजिरी वाजवत होते. मग त्यांनी टॅबलेट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "दोझो," म्हणजे घ्या ना.

ऐंशीच्या दशकातल्या पाश्चात्त्य रॉक बँडांवर माझं तारुण्य गेलं. नाशिकच्या हॉस्टेलवर एकच कॅसेट होती, तीही पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून सैल झालेली. तिच्यातलं एक गाणं शोधलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण ते तुमच्याही डोक्यात सुरू होईल आणि मला आणखी पाप नको. सुरुवातीला वाढत जाणारा कीबोर्ड, मग ढोलांचा दणका, आणि शेवटी गायक कपडे फाटल्यासारखा ओरडतो. लांबलचक आहे.

मी बटण दाबलं. टीव्हीवर दुसऱ्याच कुणाचं गाणं चालू राहिलं. आमच्या सोसायटीची लिफ्ट एकदा दाबून कधीच येत नाही, त्यामुळे मी पुन्हा दाबलं. मग जरा जोरात. मग वैशाली पेयं आणायला गेली होती तेवढ्यात, अंगठ्याने, सावकाश, बरेचदा.

गाणं लागलं. मी उभा राहून गायलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तेच गाणं पुन्हा लागलं. मला वाटलं, वन्स मोअर दिलाय. पुन्हा गायलो. तिसऱ्यांदा कीबोर्ड सुरू झाला तेव्हा मला माझा अंगठा आठवला. वैशाली टॅबलेटकडे झेपावली, पण मोरिता-सानांनी हसून हात आडवा केला. पाहुण्याचं गाणं मधेच तोडायचं नाही. ते खंजिरी वाजवत राहिले. पाचव्या वेळी माझा आवाज बसला, तेव्हा त्यांची दोन माणसं कोरसला उभी राहिली.

शेवटी भिंतीवरचा फोन वाजला. वेळ संपली होती. शनिवारची गर्दी, वाढवून मिळेना. मोरिता-सान फोनलाच वाकून "हाइ, हाइ" (हो, हो) म्हणाले आणि खंजिरी जागेवर ठेवली.

परतीच्या ट्रेनमध्ये मी म्हणालो, "फार समजूतदार माणसं आहेत."

जपानात गाडीत मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून वैशाली मला कुजबुजत बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दादा, त्यांना वाटलं तुझा काही नवस आहे. ऑफिसच्या प्रत्येक कराओकेला मोरिता-सान नुसती खंजिरी वाजवतात. कधी गायले नाहीत. आज पहिल्यांदा गाणार होते. गेले काही महिने एकटे खोली घेऊन सराव करत होते. त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू माइक सोडलास का?"

क्योतोचं तिकीट आधीच काढलेलं होतं, म्हणून गेलो. देवळं उत्तम. बसला मागून चढायचं आणि पुढून उतरायचं. मी उलटं केलं, पण ती चूक तुलनेने लहान. बांबूच्या बनात लोक शांतता ऐकत होते. मला तिथे कीबोर्ड ऐकू येत होता. मिठाईच्या एका दुकानात यात्सुहाशी (दालचिनीच्या वासाची, तांदळाच्या पिठाची वडी) घेतली. दुकानदारीणबाईंनी मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, कशासाठी? मी लिहिलं, माफीसाठी. त्यांनी बांधत आणलेली शुभप्रसंगाची लाल रिबीन सोडवली आणि साधा करडा कागद लावला.

मोरिता-सान योकोहामाला राहतात. वैशालीने वेळ घेतली. वाटेत मी माफीचा मजकूर सांगू लागलो: अक्षरं जपानी होती, आमची लिफ्ट अशी अशी आहे...

"लिफ्ट नको," वैशाली म्हणाली. "इथे कारणं द्यायला लागलास की माफी संपली."

आमच्या घरात तर माफीची सुरुवातच "त्याचं काय झालं" अशी होते.

स्टेशनबाहेर मोरिता-सान आणि त्यांच्या पत्नी उभे होते. मी डबा पुढे केला. करडा कागद बघताच ते घाईघाईने काही बोलले. वैशाली म्हणाली, "म्हणतायत, उलट सुटलो. फार भीती वाटत होती."

मी लगेच हलका झालो. "बघ! मी म्हणत नव्हतो?"

"दादा, ते सभ्य आहेत म्हणून बोलतायत. बाईंकडे बघ."

बाई डब्याकडे बघत होत्या.

मीच म्हणालो, कराओकेला जाऊ. दुपारी खोली लगेच मिळाली. मोरिता-सानांनी आपलं गाणं लावल्यावर मी टॅबलेट उपडा ठेवला आणि खंजिरी घेतली. मोरिता-सानांनी कोटाचं बटण लावलं. त्यांचं गाणंही त्याच दशकातलं, तशाच एका बँडचं, पण संथ. माझ्या कॅसेटवर दुसऱ्या बाजूला होतं. मी नेहमी पुढे ढकलायचो. इंग्रजी उच्चार जपानी, सूर थोडा खाली, पण एकही शब्द चुकला नाही. मधल्या गिटारच्या वेळी ते थांबले आणि त्यांनी समोर, डावीकडून उजवीकडे, सोफ्यावरून नजर फिरवली. तिथे आम्ही तिघंच होतो. ही नजर त्यांनी सरावात बसवली होती, भरलेल्या सोफ्यासाठी.

गाणं संपलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या, वैशालीने डोळे पुसले. मी खंजिरी खाली ठेवून उभा राहिलो आणि वाकलो.

"ज्यांना हे ऐकवायचं होतं, ते सगळे त्या दिवशी तिथे होते," मी म्हणालो. "आज नाहीत. हे माझ्यामुळे झालं. मला माफ करा."

वैशाली भाषांतरासाठी थोडी थांबली, पुढे आणखी काही येईल म्हणून. मी वाकलेलाच राहिलो.