पेटीतलं रात्रीचं तापमान

पहिल्यांदा त्याने उलटी केली तेव्हा मी रात्रपाळी करून सकाळी साडेआठला घरी आलेले. दार उघडताच वास आला. इतकी वर्षं नर्सची नोकरी केल्यावर कुठला वास कशाचा हे मला पडद्याआडूनही सांगता येतं, पण हा ओळखीचा नव्हता. मुलाच्या खोलीत गेले. काचेच्या पेटीत, पाण्याच्या भांड्याशेजारी, तीन दिवसांपूर्वी मी दिलेला उंदीर पडलेला. अर्धा विरघळलेला, केस चिकट झालेले, शेपूट मात्र जशीच्या तशी. आणि तो त्याच्यापासून जमेल तितक्या लांबच्या कोपऱ्यात अंग आवळून बसलेला.

तो म्हणजे मुलाचा अजगर. आपल्याकडच्या जंगलातला नाही, आफ्रिकेकडच्या जातीचा, चार फुटांच्या आतबाहेर. चॉकलेटी अंगावर पिवळसर डाग. त्याची सरकारी पोर्टलवर नोंद केलेला कागद मुलाच्या कपाटात आहे. मुलाने त्याला एक नावही ठेवलेलं, पण आम्ही नवराबायको त्याला ‘तो’च म्हणायचो.

मुलगा ऑक्टोबरात बंगळूरला गेला. सरकारी परीक्षांचा अभ्यास अर्धवट सोडून खासगी कंपनीत नोकरी धरली, ते माझ्या मिस्टरांना पटलं नाही. हे वीज कंपनीतून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. सरकारी नोकरीवर घर कसं उभं राहतं हे त्यांनी स्वतः करून दाखवलेलं. जायच्या आदल्या दिवशी दोघांची बोलाचाली झाली आणि त्यानंतर ते एकमेकांशी बोललेच नव्हते. मुलाचा फोन माझ्या मोबाईलवर यायचा. फोन वाजला की हे गॅलरीत जाऊन उभे राहायचे. पीजीत साप ठेवू देत नव्हते, म्हणून तो आमच्याकडे राहिला. माझ्याकडे, असं म्हणायला हवं. हे त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत फारसे जायचे नाहीत.

मी ग्लोव्हज घातले, तो उंदीर दोन पिशव्यांत बांधला, खालचा कागद बदलला, पेटी पुसली. मग मुलाला फोन केला.

“मम्मी, तू त्याला खाल्ल्यावर उचललेलंस का?”

“एकदाच. दुसऱ्या दिवशी. पाणी सांडलेलं म्हणून.”

“खाल्ल्यावर दोन दिवस तरी हात लावायचा नसतो. जाऊ दे. आता पंधरा दिवस काहीच देऊ नकोस. फक्त पाणी.”

एवढंच. औषध नाही, सलाईन नाही. वॉर्डात कुणी उलटी केली तर मी पाच मिनिटांत दहा कामं करते. इथे पंधरा दिवस काही करायचं नाही, हेच करायचं होतं, आणि ते मला जमेना. रात्रपाळी करून आल्यावर दुपारपर्यंत झोपायची माझी सवय मोडली. पडले की वाटायचं, पेटीत काही हललं. उठून जायचे. तो तसाच, दगडासारखा. परत येऊन पडायचे. कामावर पेशंटचं ब्लडप्रेशर घेतानाही डोक्यात तेच. आपणच त्याला उचललेलं. एवढ्याशा जिवाच्या पोटातलं बाहेर आलं ते आपल्या हाताने.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, फ्रीजरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यातून पहिल्यापेक्षा छोटा गोठवलेला उंदीर काढला, कोमट पाण्यात गरम करून चिमट्याने त्याच्यासमोर धरला. त्याने झडप घातली, विळखा घातला, गिळला. मी दार ओढून घेतलं आणि दोन दिवस तापमान बघण्यापुरतंच ते उघडलं. कपडे वाळत घालायचे तेही हॉलमध्ये.

बुधवारी सकाळी घरी आले तर पुन्हा तोच वास.

या वेळी मी मुलाला सांगितलं नाही. काय सांगणार? ठाण्यात सापांना बघणारे एक डॉक्टर आहेत असं तो पूर्वी बोललेला. त्यांचा नंबर त्याच्या वहीत सापडला. डॉक्टर म्हणाले, “दुसऱ्यांदा झालंय ना, मग घेऊन या. बाहेर आलेलंही आणा.”

हे चहा पीत बसलेले. मी म्हटलं, “अहो, ठाण्याला येता का बरोबर?”

“त्याला घेऊन?”

“त्याच्यासाठीच जायचंय.”

त्यांनी कप खाली ठेवला. “तू जाऊन ये. घरी कुणीतरी पाहिजे.”

त्याला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याला गाठ मारली, तो भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवला, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, “केक आहे का?” मी हो म्हटलं. तर त्या म्हणाल्या, मग असा तिरका धरू नका, क्रीम पसरतं. पुढचा सगळा रस्ता मी डबा अगदी सपाट धरून बसले.

डॉक्टर तरुण होते, माझ्या मुलाहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं, पोटावरून बोटं फिरवली, वजन केलं, मी आणलेल्या पिशवीतलं थोडं तपासायला घेतलं. तोंडात, पोटात काही सापडलं नाही. मी म्हटलं, “डॉक्टर, मी स्वतः नर्स, तरी पहिल्या वेळी मी त्याला उचललेलं.”

“एकदा उचलल्याने दोनदा उलटी नाही होत, सिस्टर. पेटीत गरम बाजूला किती असतं?”

“एकतीस. रोज बघते मी.”

“केव्हा बघता?”

“सकाळी आल्यावर. संध्याकाळी निघताना.”

“आणि रात्री?”

पेशंटचा ताप चार-चार तासांनी लिहिणारी बाई मी, पण रात्री त्या पेटीत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. रात्री मी घरीच नसायचे. डॉक्टर म्हणाले, सापाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. बाहेरून मिळाली तर अन्न पचतं, नाहीतर आतच सडतं आणि तो ते बाहेर टाकतो. दिवसाचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा लक्षात ठेवणारा छोटा थर्मामीटर मिळतो, तो पेटीत लावायला सांगितला. येताना तो घेऊन आले आणि त्याच संध्याकाळी वायर पेटीत सोडून कामावर गेले.

सकाळी आल्यावर चप्पलही न काढता बटण दाबलं. सर्वांत कमी, एकवीस.

पेटीखाली हात घातला. पेटीखालचा हीटिंग पॅड गरम होता. बोर्डाचं बटण चालू होतं. रात्री लाइट गेलेली का म्हणून शेजारच्या वहिनींना विचारलं तर नाही म्हणाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. हे पोहे भिजवत होते.

“अहो, रात्री त्याचा पॅड बंद होतो का?”

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. “मी करतो बंद. झोपायच्या आधी.”

“आणि?”

“सकाळी उठल्यावर चालू करतो. दिवसा मी जागा असतो, लक्ष असतं.” मग नळ बंद करून म्हणाले, “लाकडी टेबल, वर कागद, खाली तापणारी वस्तू, आणि प्लग सरळ बोर्डात. मध्ये काही नाही. अशी जळलेली घरं मी बघितलीत. आत झोपलेली माणसंसुद्धा. तू घरात नसतेस, मी एकटा असतो.”

“मग मला सांगायचं ना.”

“तू त्याला सांगितलं असतंस.”

मला राग आला, आणि रागाच्या खालून सुटल्यासारखंही वाटलं. तीन आठवडे होत आलेले, तेवढे दिवस मी स्वतःच्या हातांना दोष देत होते आणि हे समोर बसून बघत होते. मी तेवढंच बोलले. त्यांनी मान खाली घातली. “तुझ्या हाताने झालं असं तू म्हणत होतीस, तेव्हाच बोलायला हवं होतं मी,” म्हणाले. “त्याला मी सांगीन. तू नको सांगूस.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून थर्मोस्टॅट आणला. ठराविक ऊब झाली की करंट आपोआप तोडणारा. वेगळा फ्यूज घातला, लाकडी टेबलावर टाइल बसवली, पॅडची वायर भिंतीवरून ओढून नीट क्लिपा मारल्या. पहिल्यांदाच त्या खोलीत ते तासभर बसलेले होते, पेटीकडे पाठ करून. थर्मामीटर आता रात्रंदिवस तीस-एकतीसच्या पुढेमागे राहिला. पण मुलाला फोन काही त्यांनी केला नाही.

पुन्हा पंधरा दिवस उपास. मग डॉक्टरांनी सांगितलं तसं उंदराचं अगदी छोटं पिल्लू दिलं. आता मी दोन गोष्टींची वाट बघत होते, तो खाल्लेलं ठेवतो का, आणि हे फोन करतात का. घरात या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरायचे. हे मोबाईल हातात घ्यायचे की मी कान द्यायचे. ते बातम्या लावायचे. तिसरा दिवस गेला. चौथाही. वास आला नाही. पाचव्या दिवशी मी सुट्टी टाकली, म्हटलं घरीच बसू, आणि बसले मात्र नाही. सगळी कपाटं काढून पुसली.

नवव्या दिवशी पेटीत कागदावर त्याची विष्ठा दिसली. काळसर, घट्ट, एका टोकाला पांढरी. नीट पचल्याची खूण. मी फोटो काढला आणि यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग स्वतःच्या मोबाईलवरून मुलाला व्हिडिओ कॉल लावला. मी तिथेच उभी राहिले.

“पप्पा?” मुलगा घाबरलेला. “काय झालं? मम्मी कुठाय?”

“इथेच आहे. ऐक. त्याला दोनदा उलटी झाली. मी रात्रीचा पॅड बंद करायचो, म्हणून झाली. आता बरा आहे. थर्मोस्टॅट लावलाय.”

मला वाटलं, आता ठेवतो हा फोन.

“थर्मोस्टॅट मीच लावायला पाहिजे होता,” मुलगा म्हणाला. “सगळे सांगतात, नुसता पॅड लावू नका. मी म्हटलं नंतर लावू. राहून गेलं.”

“राहून गेलं म्हणजे? पेटलं असतं.”

“हो.”

मग यांनी विचारलं, “तुझ्या मागे ते एक्स्टेंशन कसलं लोंबतंय? दाखव बरं.”

त्याने मोबाईल फिरवला. एका बोर्डाला तीन चार्जर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड. हे एकेक करून सांगत गेले, हा काढ, तो तिकडे लाव, रॉड अजिबात या बोर्डावर नको. तो हो पप्पा, हो पप्पा म्हणत मोबाईल घेऊन खोलीभर फिरत होता. नोकरीचा विषय दोघांनीही काढला नाही. मी यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. खिडकीला पडदा नव्हता, दोरीवर ओला टॉवेल, पलंगाशेजारी पुस्तकांचा गठ्ठा. मुलाची बंगळूरची खोली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.