माझ्या देव्हाऱ्याची स्लाइड

मैत्रिणींनो, सकाळपासून मन विटलंय, म्हणून लिहितेय.

इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, प्रौढांच्या कॉलेजात मी समाजशास्त्राचा इंग्रजी वर्ग लावलाय, मॅट्रिकनंतर तीस वर्षांनी. कोरोनामुळे सगळं लॅपटॉपवरच.

वर्गात पुण्याची एक नोकरीवाली मुलगी आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "काकू, लॉकडाऊनमध्ये कशा आहात?" मी मोकळेपणी बोलले. एकादशी धरते, ह्यांना आधी वाढते, मग माझा फराळ. तिने देव्हाऱ्याचा फोटो मागितला, तोही हौसेनं पाठवला.

आज तिने वर्गापुढे आपला प्रकल्प मांडला. पडद्यावर माझा देव्हारा! खाली लिहिलेलं, 'अल्पशिक्षित गृहिणी, नवऱ्यासाठी उपाशी राहते.' शिकवणाऱ्या बाई हळहळल्या.

मी माइक चालू केला. "मॅडम, ती बाई मीच. उपास विठोबाचा आहे, नवऱ्याचा नाही. आणि ताटभर साबुदाण्याची खिचडी खाऊन कोणी उपाशी राहत नाही."

वर्ग संपल्यावर तिचा मेसेज आला. "चिडू नका ना काकू, तुमचं नाव कुठे घातलंय?"

शी! किळस आली. माणसाला विचारल्याशिवाय त्याच्यावर लिहायचं नाही, हे पहिल्याच तासाला शिकवलं होतं.

म्हणून मी तिला विचारलं, "तुझ्यावर आमच्या ग्रुपमध्ये लिहू का?"

म्हणाली, "लिहा, पण नाव नको हं काकू. ग्रुपमध्ये ओळखीचे आहेत."

घातलं नाही. पण तुम्हीच सांगा, कोणी मायेनं 'कशा आहात' विचारलं, तर आता खरं सांगायचं की नाही?