इतर कामे

स्वतःचा जन्म सोडला, तर माझ्या मोठ्या मामांनी या जगातली एकही गोष्ट चौकशी केल्याशिवाय स्वीकारलेली नाही, असं मी बरेच दिवस समजत होते. धामणगाव बढ्याच्या बाजारात वांगी घेतानासुद्धा ते विकणाऱ्याला आधी त्याची विहीर विचारतात, मग सोयरे, आणि भाव सगळ्यात शेवटी. एकदा म्हैस पाहायला गेले आणि म्हशीच्या मालकाकडे न जाता त्याच्या शेजाऱ्याकडे मुक्कामाला राहिले. म्हैस गुणाची निघाली, पण मालकीणबाई भांडखोर असल्याचं कळलं, तेव्हा "जनावराले वळन घरचंच लागते," म्हणून रिकाम्या हातानं परत आले.

सोयरिकी जुळवणं हा त्यांचा आवडता उद्योग. स्थळाच्या कागदावरचा शब्द ते कधीच जसाच्या तसा घेत नाहीत. 'मुलगा मनमिळाऊ' असं दिसलं की म्हणतात, "म्हंजे दिवसभर पानठेल्यावर बसते." 'घरची बरी शेती' म्हणजे भावांची वाटणी व्हायची आहे. आणि गंमत म्हणजे दहापैकी सात वेळा ते बरोबर निघतात. उरलेल्या तीन वेळा आपण असं बोललोच नव्हतो, असं सांगतात.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षेनंतर नोकरी लागली तर लग्नाचं वर्षभर थांबू, नाहीतर मामांनी आणलेलं चिखलीचं स्थळ पाहून टाकू, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. त्या स्थळाच्या फोटोत मुलापेक्षा मिशीच जास्त दिसत होती. परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात मैत्रिणीनं मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. नांदुऱ्याला कापूस खरेदी करणाऱ्या एका ऑफिसात 'होतकरू उमेदवार पाहिजे. हिशेब, संगणक व इतर कामे. पगार योग्यतेनुसार.' यावर अर्ज कसा लिहावा हे आमच्या घरात कोणाला विचारणार? दहावीच्या पुढे कोणी गेलेलंच नाही. मी मैत्रिणीचा अर्ज पाहून 'मी कष्टाळू, प्रामाणिक व जिद्दी आहे' असं लिहिलं आणि भीतभीतच मामांना दाखवलं.

"हे तं कोन्याबी पोरीले चालन," मामा म्हणाले. "तुहं काय हाये याच्यात?" मग जाहिरात वाचली आणि 'इतर' या शब्दावर बोट ठेवलं. "गोम इथं हाये बरं."

दुसऱ्या दिवशी ते नांदुऱ्याला गेले आणि त्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसून आले. साहेब तापट नाहीत, पण विसरभोळे. आधीची मुलगी लग्न होऊन गेली. आणि शेतकरी पट्टी, म्हणजे कापूस विकल्यावर मिळणारी हिशेबाची चिठ्ठी, हातात घेऊन फाटकापाशी भांडत असतात, कारण कपात कशाची झाली ते त्यांना कोणीच सांगत नाही.

ते ऐकून मी अर्ज नव्यानं लिहिला. 'शाळेत असल्यापासून घरच्या व शेजाऱ्यांच्या कापसाच्या पट्ट्या मी वाचून समजावून सांगते.' हे खरंच होतं, पण अर्जात लिहिण्यासारखं असतं हे मला माहीत नव्हतं. मामांना त्यात माझी उंची आणि "सयपाक येते" हेही हवं होतं. ते मी कसंबसं टाळलं, पण मामाच्या गावाचं नाव काही टळलं नाही. "मामाबगर बायोडाटा कोन हातात घेते वं?"

मुलाखतीला ते सोबत आले, आणि बाहेर बसायचं कबूल करून माझ्याआधी खुर्चीत बसले.

"साहेब, इतर कामं म्हंजे कोनते?"

"म्हणजे... पडेल ते."

"पडन ते म्हंजे? झाडू मारनं, चहा करनं?"

माझ्या डोळ्यांसमोर चिखलीची मिशी उभी राहिली. साहेबांनी स्वतःचीच जाहिरात काढून पुन्हा वाचली. त्यांनाही ते ठाऊक नसावं. मग हसून म्हणाले, "मामा, नोकरी पोरीला पाहिजे की तुम्हाला?" दारात एक आजोबा पट्टी घेऊन कुरकुरत होते. साहेबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. मी एकेक कपात समजावली. आजोबांची कुरकुर थांबली नाही, पण आता ती हमालीपुरतीच उरली.

"एक तारखेपासून ये," साहेब म्हणाले. "हिशेब आणि शेतकऱ्यांशी बोलणं. चहा बाहेरून येतो."

"घरी इचारून कळवतो," मामा म्हणाले. मुलीकडच्यांनी लगेच हो म्हणायचं नसतं ना!

"येते साहेब," मी म्हणाले. मामांच्या शब्दावर शब्द बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

बसमध्ये शेजारी बसलो. मी विचारलं, "मामा, राग आला का?"

"नाई वं. चिखलीवाल्याहीले सांगतो, पोरगी नांदुऱ्याले देल्ली." मग खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाले, "तुह्या मायच्या येळी पाव्हने म्हने, सयपाक आन इतर थोडंफार. म्या हाव म्हनलं. लहान बहीन, चांगलं घर भेटून राह्यलं होतं. इचारलंच नाई."

मला आईचा दिवस आठवला. पाणी, गोठा, कापूस वेचणं, आजीचं दुखणं. त्यातलं कुठलंच काम स्वयंपाकात मोडत नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. मामांनी तिला सगळं सांगितलं. साहेबांचा स्वभाव, पंख्याची हवा, टपरीवरचा चहा. आई तिचंच स्थळ ठरत असल्यासारखी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आन इतर काई नाई ना, दादा?"

"नाई," मामा म्हणाले. "या खेपी इचारून आलो."